लूसी विल्स आणि यीस्टच्या अर्काची बरणी

नव्या पेठेतल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात फॉलिक अ‍ॅसिड मागितले की दुकानदार फारशी चौकशी न करता पट्टी पुढे ठेवतो. गरोदर बाईला आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळीतही लोहाबरोबर हेच जीवनसत्त्व असते. गोळी अगदी स्वस्त, तिची सवय इतकी की तिच्यामागे काही कथा असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी गर्भारपणात अंगातले रक्त आटून मरणाऱ्या बायकांसाठी डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. त्या मृत्यूंचे कारण शोधायला १९२८ मध्ये एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. तिला उत्तर सापडले ते यीस्टच्या अर्काच्या एका बरणीत. तिचे नाव डॉ. लूसी विल्स.

ही गोष्ट सोलापूरकरांना परकी वाटायचे कारण नाही. १८७७ साली इथे जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे कित्येक पिढ्या हे शहर भोंग्याच्या आवाजावर उठले. त्या काळी गिरण्यांमध्ये सूत उकलण्याच्या आणि गुंडाळण्याच्या खात्यांत बायका राबत. विल्स यांनी मुंबईत ज्या बायकांचे रक्त तपासले, त्यांतल्या कित्येक अशाच गिरणीकामगार होत्या.

आधी झाडे, मग माणसे

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. विळ्यांसारखी धारदार अवजारे बनवणे हा घराण्याचा धंदा. वडील विज्ञानाचे पदवीधर होते आणि घरात निसर्गाच्या अभ्यासाची आवड होती. मुलींना विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या मोजक्या शाळांपैकी एका शाळेत, चेल्टनहॅमला, लूसी शिकल्या. तिथून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे विषय घेऊन १९११ मध्ये त्यांनी परीक्षा दिली. परीक्षा दिली, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. ती अट १९४८ साली उठली.

परीक्षेच्या त्याच वर्षी वडील गेले. दोन वर्षांनी बहीणही गेली. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा लूसी दक्षिण आफ्रिकेत होत्या. केपटाऊनच्या एका रुग्णालयात त्यांनी काही काळ शुश्रूषेचे काम केले आणि तिथेच डॉक्टर होण्याचे ठरवले. १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. मराठी वाचकांना हे महाविद्यालय ओळखीचे आहे. डॉ. रखमाबाई याच महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या होत्या. विल्स १९२० मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचे वय ३२ होते.

दवाखाना थाटण्याकडे त्यांचा कल नव्हता. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या अध्यापन आणि संशोधन करू लागल्या. गरोदर स्त्रियांच्या शरीरातील रासायनिक बदल हा तिथल्या कामाचा एक भाग होता. आठ वर्षे हे काम केल्यावर भारतातून बोलावणे आले.

परळमधील प्रयोगशाळा

भारतात बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंची चौकशी तेव्हा सुरू झाली होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर या कामात होत्या. त्यांनी विल्स यांना मुंबईला, परळच्या हाफकिन संस्थेत बोलावले. प्लेगच्या लशीमुळे ही संस्था देशभर ठाऊक होती. पुढे चीनमध्ये रुग्णसेवा करताना प्राण वेचणारे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच परळमधील सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. एक डॉक्टर सोलापूरहून परक्या मुलखात गेला, एक परक्या मुलखातून परळला आली.

विल्स यांच्यापुढे आलेल्या गरोदर बायका कमालीच्या फिकट होत्या. पायांवर सूज, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप, काहींना जिना चढवतच नसे. अशा बाईला बाळंतपणात थोडा जरी रक्तस्राव झाला तरी तो जिवावर बेतत असे.

रक्त कमी होण्याचा नेहमीचा प्रकार म्हणजे लोहाची कमतरता. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी लहान आणि फिक्या दिसतात. इथे उलटे होते. पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. असे रक्त डॉक्टरांना एका वेगळ्या आजारात ठाऊक होते. तो घातक पंडुरोग तेव्हा जीवघेणा समजला जाई. अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये त्यावर रोज भरपूर यकृत खाऊ घालण्याचा उपाय दाखवला होता. पण तो आजार बहुधा उतारवयात होई. इथल्या रुग्ण तरुण होत्या, गरोदर होत्या आणि त्यांतल्या काही बाळंत झाल्यावर आपोआप सावरतही होत्या. म्हणजे रोग दिसायला तोच, पण मूळ निराळे.

विल्स यांनी एकेक शक्यता तपासून बाजूला काढली. जंतुसंसर्ग हे कारण असेल का, हे त्यांनी पाहिले. मग त्या बायकांच्या राहणीकडे वळल्या. घर कसे, काम कोणते, ताटात काय पडते. वेगवेगळ्या समाजांतल्या आणि आर्थिक स्तरांतल्या स्त्रियांची त्यांनी तुलना केली. मुंबईतल्या गरीब मुस्लिम कुटुंबांतल्या बायकांमध्ये हा रक्तक्षय सर्वाधिक आढळला. त्यांच्या जेवणात दूध, फळे आणि भाज्या फार कमी होत्या. संशय आता ताटावर आला.

उंदीर फसले, माकडांनी दाखवले

१९२९ मध्ये विल्स दक्षिणेत कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत गेल्या. तिथे रॉबर्ट मॅकॅरिसन आहारावर संशोधन करत होते. मुंबईतल्या त्या बायकांसारखाच आहार विल्स यांनी पांढऱ्या उंदरांना दिला. उंदरांना रक्तक्षय झाला. आहारात यीस्ट मिसळले की तो टळत होता. उत्तर हाती आल्यासारखे वाटले, पण ते टिकले नाही. उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून त्यांना एका जंतूची लागण झाली होती आणि त्यांचे रक्त कमी होण्यात त्या जंतूचाही वाटा होता. प्रयोगाचा पायाच डळमळीत झाला.

इथे एखाद्याने निकाल तसाच रेटला असता. विल्स यांनी तो बाजूला ठेवला आणि माकडांवर नव्याने सुरुवात केली. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांच्या रक्तात बायकांच्या रक्तासारखेच बदल दिसू लागले. इतर उपाय फुकट गेले. मग यीस्टचा अर्क दिला, आणि माकड सुधारले.

हा अर्क म्हणजे मार्माइट. इंग्लंडमध्ये १९०२ पासून बरण्यांत विकला जाणारा, पावाला लावून खायचा काळपट, खारट पदार्थ. बिअरच्या कारखान्यांत उरलेल्या यीस्टपासून तो बनवतात. यीस्टला मिठाबरोबर ऊब दिली की त्याच्या पेशी मरतात आणि त्यांच्या पोटातली पाचकद्रव्येच त्या पेशींना विरघळवतात. पेशीने स्वतःसाठी जमवलेले सारे द्रव्य बाहेर येते. गाळून, आटवून तयार झालेला अर्क स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि यकृत ज्यांना परवडत नाही किंवा चालत नाही त्यांनाही तो घेता येत होता.

मग तो मुंबईच्या रुग्ण बायकांना देण्यात आला. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची लाट दिसू लागली. भूक परतली, सूज उतरली, चेहऱ्यावर रंग आला. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातले नेमके कोणते द्रव्य हे काम करते, ते त्यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शुद्ध केलेला यकृताचा अर्क घातक पंडुरोगावर चाले, पण या बायकांवर चालत नसे. ओबडधोबड, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र चाले. म्हणजे शुद्धीकरणात जे निघून जात होते, तेच या बायकांना हवे होते. त्या अज्ञात द्रव्याला विल्स घटक असे नाव पडले.

पेशी नेमकी कुठे अडते

हे द्रव्य इतके मोलाचे का, हे समजायला पेशीचे विभाजन पाहावे लागते. आपल्या हाडांतल्या मज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्यासाठी मूळ पेशींना सतत दुभंगावे लागते. दुभंगण्याआधी पेशी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करते. मग दोन टोकांच्या मधे प्रथिनांच्या धाग्यांची एक रचना उभी राहते. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, अगदी सुताने भरलेल्या चातीसारखी. म्हणून तिला तर्कू आणि तिच्या धाग्यांना शालेय पुस्तकांत तुर्कतंतू म्हणतात. हे धागे गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात.

काम झाले की हा तर्कू मोडावा लागतो. हे मोडणे आपोआप होत नाही, तेही एक कामच आहे. यीस्टच्या पेशींत ते फार बारकाईने पाहिले गेले आहे. काही प्रथिने धाग्यांना एकमेकांशी बांधणारे दुवे सोडवतात, काही धाग्यांची टोके कुरतडून ते आखूड करतात. सुटलेले तुकडे वाया जात नाहीत, त्यांतूनच पुढचा तर्कू उभा राहतो. विणून झालेला माग रिकामा केल्याशिवाय नवा ताणा चढवता येत नाही, तसेच हे.

यीस्ट उपाशी पडले की हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. आजूबाजूचे अन्न, विशेषतः नायट्रोजन संपला की यीस्टची पेशी नेहमीसारखे दुभंगणे थांबवते आणि अर्धसूत्री विभाजनाकडे वळते. त्यात गुणसूत्रांची वाटणी लागोपाठ दोनदा होते. पहिल्या वाटणीसाठी एक तर्कू उभारायचा, तो मोडायचा, मग दुसरीसाठी दोन नवे उभारायचे, तेही मोडायचे. शेवटी चार बीजाणू तयार होतात. प्रत्येकाभोवती टणक आवरण येते आणि उरलेली जुनी पेशी विरघळून जाते. बरे दिवस येईपर्यंत बीजाणू तसेच पडून राहू शकतात.

उपाशी यीस्टला असे थांबता येते. उपाशी बाईच्या मज्जेला थांबता येत नाही. पोटातले मूल वाढत असते, त्याला रक्त हवे असते, तिचेही रक्त वाढायला हवे असते. पेशींना दुभंगावेच लागते. पण डीएनए घडवायला लागणारा एक घटक, थायमिन, तयार करण्यासाठी विल्स यांच्या त्या द्रव्याची गरज असते. यीस्ट ते स्वतः बनवते, माणसाला ते अन्नातून घ्यावे लागते. ताटात ते नसेल तर डीएनएची नक्कल रेंगाळते. पेशीचा बाकीचा भाग मात्र वाढतच राहतो. म्हणून ती फुगते, तर्कू उभारण्याच्या वेळेपर्यंत नीट पोचत नाही आणि अनेकदा मज्जेतच मरते. सूक्ष्मदर्शकाखाली विल्स यांना दिसलेल्या त्या थोड्या आणि मोठ्या पेशी म्हणजे या अडलेल्या विभाजनाच्या खुणा होत्या.

द्रव्याला नाव मिळाले

१९४१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही टन पालकातून एक द्रव्य वेगळे केले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक अ‍ॅसिड. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. विल्स घटक तो हाच, हे स्पष्ट झाले. गर्भारपणातल्या त्या रक्तक्षयावर आता बरणीऐवजी गोळी देता येऊ लागली.

या शोधाची दुसरी बाजूही लवकरच समोर आली. जे द्रव्य निरोगी मज्जेला दुभंगायला मदत करते, तेच रक्ताच्या कर्करोगातल्या बेसुमार दुभंगणाऱ्या पेशींनाही लागते. ते त्यांना मिळू दिले नाही तर? फॉलिक अ‍ॅसिडच्या कामात अडथळा आणणारी औषधे सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने तयार केली. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये त्यांतल्या एका औषधाने रक्ताच्या कर्करोगाच्या काही मुलांचा आजार तात्पुरता ओसरल्याचे दाखवले. पुढे घरोघरच्या अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिंक्रिस्टिन हे औषध मिळाले. ते तर्कूचे धागेच नीट उभे राहू देत नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दोन्ही प्रकारची औषधे दिली जातात. एक नकलेचा कच्चा माल तोडते, दुसरे तर्कू उभारू देत नाही.

१९९१ मध्ये आणखी एक मोठा निष्कर्ष आला. आधीच्या बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात जन्मजात दोष होता अशा स्त्रियांना पुढच्या गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिले, तर तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा विल्स हयात नव्हत्या.

सायकलवरची डॉक्टर

१९३३ मध्ये विल्स लंडनला रॉयल फ्री रुग्णालयात परतल्या. १९३७ च्या अखेरीस त्या काही आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावातही त्यांनी रुग्णालयातले काम चालू ठेवले. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या घरी बसल्या नाहीत. फिजीपासून आफ्रिकेपर्यंत जाऊन आहार आणि रक्तक्षयाच्या पाहण्या करत राहिल्या. लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी काम केले. त्या अविवाहित राहिल्या. मोटारीपेक्षा सायकल बरी, असा त्यांचा खाक्या होता आणि डोंगरात भटकायला त्यांना आवडे. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. मोठा पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही. विल्स घटक हे नावही फॉलिक अ‍ॅसिड या नावामागे झाकले गेले.

आजची गोळी, आजचे ताट

विल्स परळला आल्या त्याला जवळपास शंभर वर्षे होत आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. यात लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठा आहे, पण फॉलिक अ‍ॅसिड आणि ब-१२ यांची उणीवही त्यात मिसळलेली असते. म्हणूनच गर्भवतीला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असलेली गोळी १८० दिवस घ्यायला सांगितली जाते. बाळाच्या मणक्याची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांत बंद होते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. त्यामुळे मूल हवे असे ठरल्यापासूनच फॉलिक अ‍ॅसिड सुरू करणे हिताचे.

एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. ब-१२ च्या कमतरतेतही तांबड्या पेशी अशाच मोठ्या दिसतात. तिथे नुसते फॉलिक अ‍ॅसिड दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांची हानी आतून चालूच राहते. शाकाहारी घरांत ही कमतरता बरीच आढळते. पायांना मुंग्या येत असतील, थकवा हटत नसेल, तर दुकानातून गोळी आणून खाण्याऐवजी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

फॉलिक अ‍ॅसिड आपल्या नेहमीच्या जेवणातही आहे. पालक, मेथी, चवळी, हरभरा, मसूर आणि शेंगदाणे यांत ते चांगल्या प्रमाणात मिळते. सोलापूरच्या ताटातली शेंगाचटणी त्या दृष्टीनेही उपयोगी. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. म्हणून भाजी फार वेळ उकळू नये आणि उकळलेच तर ते पाणी आमटीत किंवा कणकेत वापरावे.

सूक्ष्मदर्शकात मोठाल्या पेशी पाहिल्यावर विल्स तिथेच थांबल्या नाहीत. ती बाई काय खाते, हे त्यांनी विचारले. सूत गुंडाळणाऱ्या बायकांच्या मज्जेतली चाती का अडली, याचे उत्तर त्या प्रश्नातून मिळाले. घरात एखादी गरोदर बाई सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले वाढून घेत असेल, तर तिच्या हातावर लाल गोळी ठेवताना तिच्या ताटाकडेही पाहायला हवे.